तीन शिट्ट्या आणि अधिक महिना

३१ ऑगस्ट २००३, रविवार. चँडलर.
मंडळाचा गणपती. दिगंबरकाकांनी हॉलमध्ये सगळ्यांसमोर त्यांचं यंत्र लावलं. कुकरच्या शिट्ट्या ऐकतं, तीन झाल्या की इलेक्ट्रिक शेगडी बंद. शोभाकाकूंना हल्ली कमी ऐकू येतं, भात करपतो, म्हणून रिटायर झाल्यावर काकांनी खपून हे बनवलं. मी पेटंटचा वकील. उठून जाहीर केलं, पेटंट मी करून देणार. फुकट! काकांपेक्षा जास्त टाळ्या मला. काकांचं म्हणणं एकच: पेटंटवर काकूंचं नाव हवं, कल्पना तिची.

२ सप्टेंबर.
कायदा साधा. चारचौघांत दाखवलेल्या वस्तूचा अर्ज वर्षाच्या आत गेला पाहिजे, नाहीतर पेटंट विसरा. ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये टाकलं नाही. फुकटची कामं पार्टनरच्या डोळ्यांत खुपतात. शिवाय गणपती कोण विसरतो? ठरलं. पुढच्या गणपतीच्या आत फाइल.

२३ नोव्हेंबर.
काकूंकडे जेवण. पुरणपोळ्या. काकांनी ड्रॉइंग्ज दिली, इतकी नीट की मला फक्त मजकूर लिहायचाय. थँक्सगिव्हिंगला संपवतो.

३० नोव्हेंबर.
थँक्सगिव्हिंगला सेल होता. चांगलं पेटंट घाईत लिहीत नाहीत.

१ जानेवारी २००४.
संकल्प: काकांचं काम. आणि जिम.

४ जानेवारी.
जिमचे बूट आणले. सुरुवात तर झाली.

१५ एप्रिल. सॅन होजे.
कॉन्फरन्समध्ये बोललो. विषय: इमर्जिंग टेक्नॉलॉजी आणि डेडलाइनचं महत्त्व. भाषण फार आवडलं लोकांना. हॉटेलवर आल्यावर काकांची ड्रॉइंग्ज आठवली. जेवण गेलं नाही.

२० जून.
काकांचा फोन. कुकरच्या एका कंपनीला इंटरेस्ट आहे, पण अर्ज गेल्यावरच बोलू म्हणतात. तुझ्या सवडीनं कर रे, तू बिझी असतोस. हे ‘सवडीनं’ दिवसभर टोचत राहिलं. माणसानं इतकं सज्जन असू नये, समोरच्याचं कामच होत नाही.

१८ जुलै.
यामिनी म्हणाली, अधिक महिना लागला, गणपती यंदा थेट सप्टेंबरच्या मध्यावर. वा! बाप्पानं एक्स्टेन्शन दिलं. तिच्या आईनं कुणाबरोबर तरी अनारसे पाठवलेत, जावयाचं वाण. खाऊन झोपलो.

५ सप्टेंबर.
लेबर डेचा लाँग वीकेंड. फाइल उघडली. खरंच उघडली! मजकूर झकास जमला. यंत्र पहिल्यांदा कधी दाखवलं ते बघायला ही डायरी मागे चाळली. ३१ ऑगस्ट.
आज पाच सप्टेंबर.
सरकारच्या वर्षात अधिक महिना नसतो. मी तिथीनं मोजत बसलो.
यामिनीला सांगितलं. ती म्हणाली, दुष्काळात तेरावा महिना ऐकला होता, तेराव्या महिन्यानं आणलेला दुष्काळ पहिल्यांदाच बघतेय. काकांना आजच्या आज सांग म्हणाली. बरोबर आहे तिचं. लेबर डे झाला की सांगतो.

१२ सप्टेंबर.
फोन केला. काकूंनी घेतला. त्यांना काही ऐकू जाईना. प्रत्यक्षच सांगितलेलं बरं.

१८ सप्टेंबर. गणपती.
मंडळानं माझा सत्कार केला. फुकट पेटंट करून दिल्याबद्दल. शाल, श्रीफळ. माइकवरच सगळं सांगणार होतो. थँक यू म्हणून खाली उतरलो.
मग काकांना हॉलच्या किचनमध्ये गाठून सांगितलं. सगळं. चूक माझी, लाज वाटते, म्हणालो. शाल अंगावरच होती. काकांनी विचारलं, म्हणजे आता कुणीही बनवू शकतं? मी हो म्हणालो. मागे तिसरी शिट्टी झाली आणि यंत्रानं शेगडी बंद केली.
काकू शेजारीच होत्या. माझी मान खाली बघून त्यांना वाटलं, मी नमस्कार करतोय. पाठीवरून हात फिरवला, हातावर मोदक ठेवला. विचारलं, माझं नाव लागलं का रे पेटंटवर?
मी काकांकडे बघितलं.
काका म्हणाले, तूच सांग. आणि जरा मोठ्यानं बोल, तिला ऐकू येत नाही.