ट्रकच्या फाळक्यावरचा लांडगा

३ डिसें., बुधवार

थंडी. दुकानात दुपारपर्यंत कुत्रं फिरकलं नाही. मग प्रवीण आला, कोळशाच्या ट्रकवरचा ड्रायव्हर पोरगा. "चाचा, मागच्या फाळक्यावर लांडगा काढून द्या. एकटा. तोंड वर करून." मोबाइल दाखवला, स्टेटसलाही तोच. चंद्र, बर्फ, लांडगा. म्हटलं, वणीत बर्फ कुठून आणू? "बर्फ राहू द्या. मी बी तसाच हाये, मले कोनाची गरज नाही." हे बोलताना त्याच्या आईचा फोन वाजत होता.

हो म्हणून बसलो. वास्तविक मी अक्षरवाला, पाट्या रंगवणारा. जनावरं रफिक काढायचा, माझा धाकटा भाऊ. सगळीकडे रेडियम स्टिकर आले तसा तो भांडून चंद्रपूरला गेला, स्टिकरच्या मशीनवर बसला. चार वर्षं बोलणं बंद.

५ डिसें., शुक्र

नमाजनंतर काम सुरू. खडूनं काढतो, पुसतो. कान जमतात, त्रिकोणच ते. पाय मात्र काना दिल्यासारखे ताठ उभे राहतात.

प्रवीणला विचारलं, खरा पाहिलास का कधी? "लय पाह्यले. बाप मेंढरं राखे न." बाप लांडग्याचं नाव घेत नसे म्हणे, मामा म्हणायचा. एखादं लंगडं पिल्लू गेलं तर आदळआपट नाही. मामाचा वाटा होता, मामा घेऊन गेला. बापाला वाटेकरी, पोराला हिरो. मी आता नेमकं काय काढू?

७ डिसें., रवि

दिवसभर अम्मीची एक गोष्ट डोक्यात. भावांनी लाडक्या धाकट्याला विहिरीत टाकलं, सदऱ्याला खोटं रक्त लावलं आणि बापाला सांगितलं, लांडग्यानं खाल्ला. अम्मी ही गोष्ट लांडग्याच्या बाजूनं सांगायची. "बेचारे ने सूंघा तक नहीं था." रफिक दरवेळी विचारायचा, मग लांडग्याची माफी कोणी मागितली?

मीही लोकांना हेच सांगत आलो. माझा भाऊ मशीननं खाल्ला.

नसीम असती तर हे तिच्याशी बोललो असतो. ती गेल्यापासून घरात बायकोचा आवाज नाही, भांडणाचासुद्धा नाही. एकट्यासाठी भात लावायचा कंटाळा येतो. आज बिस्किटं खाल्ली.

९ डिसें., मंगळ

झाला एकदाचा. रंग देता देता हात सवयीनं चालला आणि कडेनं काळी शॅडो मारून टाकली, अक्षराला मारतात तशी. लांडगा किराणा दुकानाच्या पाटीसारखा दिसतो. जबडा इतका वासलाय की जांभई देतोय वाटतं. समोरचा चहावाला म्हणाला, "कुत्रा मस्त हाये भाई. झोपेतून उठला का?" प्रवीण खूश, म्हणून पुसला नाही.

ट्रक निघून गेल्यावर ध्यानात आलं. हा चंद्रपूरला जातो. रफिकचं दुकान त्याच रस्त्यावर. तो बघणार आणि ओळखणार, अशी जाड शॅडो मीच मारतो.

लाज वाटली. पण खोटं कशाला लिहू, त्यानं बघावं असंही वाटलं.

१३ डिसें., शनि

संध्याकाळी प्रवीण आला. लांडगा बदललाय. जबडा मिटत आणलाय, मान ताणली, ओठ गोल केले. चार-दोन फटकारे फक्त. स्टिकर नाही, ब्रशचं काम.

"चहाले थांबलो होतो चाचा. समोरच्या स्टिकरच्या दुकानातून एक जन रंगाचा डबा घेऊन आला. म्हने, हा तं जांभई देऊन राह्यला. लांडगा एकटा पडला का आपल्या लोकायले हाक मारते, तवा तोंड इतकं नाही उघडत. मले विचारलं बी नाही, लागला काढाले."

माझं नाव काढलं का?

"नाही. शॅडो पाहून हसला. म्हने, हे राहू दे."

प्रवीणला राग आलाय. त्याला हाकबिक नको, कोणाची गरज नसलेला लांडगा पाहिजे. पुसून पहिल्यासारखा करून द्या म्हणतो. नाही म्हणून सांगितलं. बराच वेळ फाळक्यापाशी उभा होतो. रफिकचा हात अजून तसाच आहे. फार बरं वाटलं, आणि रडूही आलं.

१५ डिसें., सोम

चंद्रपूर. प्रवीणच्याच ट्रकमधून आलो. रस्त्यात तो विचारत होता, कायले चाललात? सांगितलं, भावाकडे. मग त्यानं ट्रक त्याच चहाच्या टपरीपाशी लावला.

टपरीवर बसून लिहितोय. दुकान समोर, उघडं. रफिक पाठमोरा, मशीनवर वाकलेला. मागून केस विरळ झालेत, थेट अब्बा. पाटी छापलेली आहे, अक्षरं एकमेकांना खेटून बसलीत. मी असतो तर असं लिहू दिलं नसतं.

प्रवीण म्हणाला, "द्या न आवाज." घरी त्याला रफ्फू म्हणायचो. अर्धं वय उलटलेल्या माणसाला भर रस्त्यात रफ्फू कसं म्हणायचं? आणि नुसतं रफिक म्हटलं तर गिऱ्हाईक समजेल.

एकदा कात्री घ्यायला वळला. इकडे बघितलं नाही. किंवा बघितलं आणि…

मी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. टपरीवाल्याला वाटलं, आणखी एक चहा मागतोय. त्यानं आणून ठेवला.