विमान कधी पडते याचा शोध आणि माझ्या मिळकतीची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, विजेच्या दिव्यांच्या कारखान्यातली निवृत्त तपासनीस, जिला तिथे सगळे दिवेवाली म्हणत, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणीही मागे न लागता हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. डॉक्टरांनी माझी छाती तपासून डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला. छातीचा आणि डोक्याचा संबंध काय, असे मी विचारले, तर नुसते हसले.

१. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागाच्या भरात केले होते आणि त्यात शुद्धलेखनाच्याही चुका होत्या.

२. माझे दोन खोल्यांचे राहते घर स्वकष्टार्जित आहे. ते माझ्या पश्चात संपूर्ण मालकीहक्काने माझ्या सुनेस मिळावे. माझ्या एकुलत्या एका मुलास त्यात तहहयात राहण्याचा हक्क असेल. ते विकण्याचा, गहाण टाकण्याचा किंवा त्यावर कर्ज काढण्याचा नसेल.

पोटच्या पोराला डावलले म्हणून लोक नावे ठेवतील, म्हणून कारण लिहिते. माझा मुलगा माल पोचवणारी छोटी गाडी चालवत असे. ती गाडी त्याने मोबाइलवरच्या विमानाच्या खेळात घालवली. पैसे लावायचे, विमान वर चढते, त्याबरोबर आकडा वाढतो: दीडपट, दुप्पट, पाचपट. ते पडायच्या आत बटण दाबले तर तेवढे पट पैसे मिळतात, नाही दाबले तर सगळे गेले. सून रडत होती. मीही खूप बोलले, पण बोलता बोलता मलाच कुतूहल वाटू लागले. म्हटले, दाखव बघू.

कारखान्यात माझे काम हेच होते. मांडणीवर रांगेने दिवे पेटत ठेवायचे आणि कोणता कधी जातो ते टिपायचे. नवे दिवे सहसा जात नाहीत. वापरून जुने झाले की पटापट जाऊ लागतात. दिव्याकडे पाहून त्याचे वय ओळखायची माझी नजर होती. त्यामुळे मुलगा जेव्हा म्हणाला की बराच वेळ विमान लवकर पडतेय, म्हणजे आता मोठी फेरी येणार, तेव्हा मला ते तंतोतंत पटले. जन्मभराचा अनुभव मला खड्ड्यात घालायला निघाला होता!

मग मी पेन्शनमधून दरमहा एक लहानशी रक्कम ठरवली. ती गेली की खेळ बंद, पुढच्या पहिल्या तारखेपर्यंत. कितीही हात शिवशिवले तरी वर एक रुपया घातला नाही. हजारो फेऱ्या टिपून आलेख काढले आणि कपाटाच्या दारावर चिकटवले. मुलगा रोज संध्याकाळी येऊन शेजारी बसे, आकडे वाचून दाखवी. गाडी गेल्यापासून आम्ही धड बोललो नव्हतो. आता चहा गार होईपर्यंत भांडत असू. इतके छान दिवस माझ्या वाट्याला पुष्कळ वर्षांत आले नव्हते, हे कबूल करते.

निष्कर्ष असा. हे विमान म्हातारे होत नाही. दुपटीला पोचलेले चौपटीला पोचेल का, तर जवळजवळ निम्मी शक्यता. चौपटीचे आठपटीला, तरी तेवढीच. मागच्या फेरीत काय झाले हे पुढच्या फेरीच्या गावीही नसते. पहिले दोन महिने मी नफ्यात होते आणि शेफारले होते. पुढे सगळे ओसरले, कारण प्रत्येक फेरीत खेळवणारा आपला वाटा आधीच काढून ठेवतो. शिस्तीचा उपयोग एवढाच, की किती हरायचे ते आपण ठरवतो.

आठव्या महिन्यात मी हे मुलाला सांगितले. नुसते सांगितले असते तर बरे होते. "आता तरी डोळे उघड," असे बोट नाचवत म्हणाले. तो उठून गेला तो आलाच नाही. पुन्हा खेळायला लागला असणार, असे मी धरून चालले. वरचे कलम त्यातून आले आहे.

३. बँकेतल्या ठेवी सुनेस मिळाव्यात. मुलाला पुन्हा गाडी घ्यायची झाल्यास तिने विकणाऱ्याला परस्पर पैसे द्यावेत.

४. माझी हत्यारे व व्होल्टमीटर कारखान्याच्या तपासणी खोलीतल्या माझ्या जोडीदारणीला द्यावेत. ती ते वापरणार नाही, पण पुसून ठेवील.

५. माझ्या दिरांना काहीही मिळणार नाही. का, ते त्यांना ठाऊक आहे.

६. हे कलम काल वाढवले. मसुदा वाचून दाखवायला मी मुलाला आणि सुनेला बोलावले होते. तो खाली मान घालून सगळे ऐकत होता. मग म्हणाला, "आई, मी तिसऱ्याच महिन्यात थांबलो होतो. तू थांबत नव्हतीस. तू अडकलीस तर ओढायला कुणीतरी हवं, म्हणून येऊन बसायचो."

मी सुनेकडे पाहिले. तिने मान डोलावली. मला आधी राग आला, मग रडू आले. मला कोणी सांभाळत होते आणि मला पत्ताही नव्हता.

कलम दोन बदलायचे का, असे मसुदा लिहून देणाऱ्या वकीलबाईंनी विचारले. मी हो म्हणणार, तोच मुलगा म्हणाला, "नको. घर तिच्याच नावावर राहू दे. मला अजून माझी खात्री नाही."

म्हणून ते कलम त्याच्या सांगण्यावरून तसेच ठेवले आहे. मात्र उद्या मी दवाखान्यात बेशुद्ध पडले आणि यंत्रावर ठेवायची वेळ आली, तर ते यंत्र कधी बंद करायचे हे डॉक्टरांनी ठरवू नये, सुनेनेही नाही. ते माझा मुलगा ठरवील. थांबायचे कधी, हे आमच्या घरात त्याला एकट्याला कळले.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, मला तो पटला, आणि साक्षीदारांदेखत सही केली.

सही : दिवेवाली

साक्षीदार :
१. डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना (सही)
२. शिंपी, तळमजला (सही; स्वतःचे पेन आणले होते)

ठिकाण : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : १२ मार्च २०२४, मंगळवार