पाटीचा उजवा कोपरा

दादा, तुम्ही रंगवलेली पाटी आज ट्रंकेतून काढली. आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली, तरी पाटीवरचं यांचं नाव कालच लिहिल्यासारखं आहे. शिरोरेघ, काना, वाटोळं पोट, सगळं एकाच जाडीचं. कुठं शेपूट नाही, फूल नाही, सावली नाही. आपल्या मानवत गावच्या दुकानदारांना वेलबुट्टी हवी असायची. तुम्ही म्हणायचात, "चालत्या यष्टीतून वाचता आलं पायजे. नक्षीखाली चूक झाकती. साधं अक्षर उघडं असतंय, जरा चुकलं की दिसतंय." माईच्या बांगडीभोवती खडू फिरवून तुम्ही गोल काढायचात. माझी शाळा दुसरीतच सुटली. वाचायला मी तुमच्या पाट्यांवरूनच शिकले.

नामांतराच्या दंगलीनंतर आम्ही परभणीत खोली घेतली. आडनाव दोन्हीकडे चालणारं. मालकीणबाईंनी जात विचारली नाही, आम्ही सांगितली नाही. कळलं तर सामान रस्त्यावर, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. अशात एका दुपारी तुम्ही न कळवता आलात. काखेत कोरी पाटी, सदऱ्याला निळा बिल्ला. "जावईबापूंच्या नावाची करतो," म्हणालात आणि ओट्यावर बसलात. तेवढ्यात मालकीणबाई बाहेर येतात. बिल्ल्याकडं बघतात.

"कोण गं हे? तुमच्यातले का?"

"पेंटर हाय," मी म्हणते. "बाजारातून बोलावलाय."

"मग च्याचा कप येगळा दे, पोरी. डोळे हायत ना तुला?"

तुम्ही माझ्याकडं एकदाच बघितलंत. मग खाली मान घालून म्हणालात, "बाई, एक बांगडी मिळंल का? गोल काढायचाय."

"बांगडी कशाला रे, भरायचीय का हातात?" मालकीणबाई हसल्या. मीही हसले, दादा. हातातली बांगडी काढली आणि तुमच्या हातात न देता फरशीवर ठेवली. कान तुटलेल्या कपातला चहा तुम्ही प्यालात, कप स्वतःच विसळलात आणि मोरीपाशी पालथा घातलात. निघताना म्हणालात, "येतो बाई. ओली हाय, हात लावू नका."

प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात तुम्ही बारीक अक्षरात आपलं नाव टाकायचात. या पाटीवर तो कोपरा मोकळा आहे. तो तुम्ही माझ्यासाठी मोकळा सोडलात, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. त्या दुपारबद्दल तुम्ही कधी शब्द काढला नाही, मीही नाही. पुढं विद्यापीठाला नाव मिळालं, आमच्या माणसांनी पेढे वाटले, त्या दिवशीही मी घरात गप्प बसून होते.

आज त्या कोपऱ्यात तुमचं नाव लिहिलं. हातात बांगडी नाही, म्हणून गोलासाठी औषधाच्या बाटलीचं झाकण घेतलं. अक्षरं वाकडी आली, आणि नक्षी नसल्यानं ती झाकताही येत नाहीत. हा कागद पाटीमागंच ठेवते. एवढं मात्र सांगितलं पाहिजे, की ब्रश हातात घेण्याआधी मी उठून दाराला आतून कडी लावली.