सासूबाईंसाठी उपास

१ जानेवारी २०२५, बुधवार

यावर्षी चहा बंद म्हणजे बंद. आमच्या चर्चमध्ये चहा-कॉफी चालत नाही. बाप्तिस्मा घेऊन दोन वर्षं होत आली, आता हे मनावर घ्यायलाच हवं. कॉलनीतल्या बायका विचारतात, मॉर्मन म्हणजे नेमकं काय? मी सांगते, येशूलाच मानतो, फक्त चहा पीत नाही. त्या विचारतात, मग पाहुण्यांना काय देता? मी शांतपणे हसते. तेवढीच साक्ष.

दुसरा संकल्प आईंचा. आई म्हणजे माझ्या सासूबाई, इंदुताई. दोन वर्षांपूर्वी सासरे वारले आणि त्या मूल तालुक्यातल्या गावाहून आमच्या भद्रावतीच्या क्वार्टरमध्ये राहायला आल्या. त्याच महिन्यात मी हैदराबादला बहिणीकडे, पुनमकडे, जाऊन बाप्तिस्मा घेतला. परत येऊन आठवडा झाला नाही तोच आईंनी मागच्या व्हरांड्यात आपली अलग शेगडी मांडली. तेव्हापासून माझ्या हातचं खात नाहीत. तोंडाने काही बोलत नाहीत, पण मला समजतं. धर्मासाठी सोसावं लागतं. यावर्षी त्यांचं मन बदलून दाखवीन.

५ जानेवारी, रविवार

महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे आमचा उपास. दोन वेळा जेवण नाही, पाणीही नाही. आईंच्या मनासाठी धरला. सकाळी चक्कर येईलसं वाटलं, म्हणून थोडे पोहे घेतले. औषध म्हणून.

मोबाईलवर हैदराबादची मीटिंग होती. सगळं हिंदीत चालतं. मी टेस्टिमनी, म्हणजे साक्ष, दिली की सासूबाई माझ्या ताटाला शिवत नाहीत, तरी माझं त्यांच्यावर प्रेम आहे. सांगताना रडू आलं. तिकडच्या बायकाही रडल्या. आमच्या महिला मंडळाच्या प्रमुख सिस्टर करिष्मा म्हणाल्या, आम्ही सगळ्या तुमच्यासाठी उपास आणि प्रार्थना करतच आहोत.

मीटिंग संपल्यावर पोहे संपवले. वाया जाऊ नयेत.

६ जानेवारी, सोमवार

फॅमिली नाईट. दर सोमवारी कुटुंबाने एकत्र बसून प्रार्थना करायची असते. आमच्या मुलीचे, दिव्यानीचे, पप्पा सुरुवातीपासून डोळे मिटून होते. मध्ये घोरल्यासारखा आवाज आला, पण खोल प्रार्थनेत माणसाचा श्वास जड होतो. दिव्यानी मोबाईलवर बायबल वाचत असावी, मध्येमध्ये हसत होती. शेवटी खायला गाजर हलवा केला होता. दिव्यानी म्हणाली डाएट आहे. पप्पा तोवर झोपायला निघून गेले होते.

९ जानेवारी, गुरुवार

चहाच्या जागी काढा सुरू केला आहे. आलं, तुळस, गूळ. डोकं दुखतं.

आज एक मोठी गोष्ट ध्यानात आली. दिव्यानीच्या पप्पांचा फॅक्टरीतला डबा जसाच्या तसा परत आला. कालचाही तसाच होता. म्हणजे ते कोणाला न सांगता उपास करत आहेत! दोन वर्षं म्हणत आले, "तू कर तुह्या चर्चचं, मले त्यात नको ओढू." आणि आतून हे. मी विषय काढला नाही. अशा गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आईंच्या पाया पडून तिळगूळ दिला. त्यांनी घेतला! पदराच्या गाठीत बांधला, म्हणाल्या, "मंग खाईन." डोळे भरून आले.

दुपारी पाहिलं तर फाटकाशी उभ्या राहून तो गाईला देत होत्या. त्यांच्यासाठी गाय पवित्र, म्हणजे माझ्या तिळगुळाचा मानच केला. गाय वास घेऊन पुढे गेली. तिचं पोट भरलेलं असावं.

१७ जानेवारी, शुक्रवार

काढ्यात चिमूटभर चहापत्ती टाकली. फक्त रंगासाठी. दूधही थोडं टाकते, कारण नुसत्या आल्याने मला पित्त होतं. आई व्हरांड्यातून म्हणाल्या, "चायचा वास येऊन राह्यला." मी म्हटलं, काढा आहे. त्या म्हणाल्या, "असा काढा तं आमी रोजच पितो."

डोकं दुखायचं थांबलं.

२० जानेवारी, सोमवार

पुनमचा फोन. सिस्टर करिष्मांचा भाऊ बल्लारपूरला असतो. त्या दोघी त्याच्याकडे येणार आहेत आणि रविवारी, दोन फेब्रुवारीला, त्याची गाडी घेऊन आमच्याकडे! सिस्टर करिष्मांना माझं घर पाहायचं आहे आणि आईंना भेटायचं आहे. मी म्हटलं, दुपारी जेवायलाच या. पुनम मग म्हणाली, त्याचं आपण बघू.

संकोची आहे ती.

फॅमिली नाईट रद्द केली. तयारी फार आहे.

२७ जानेवारी, सोमवार

आईंना सांगितलं की हैदराबादच्या चर्चच्या बाई येणार आहेत. वाटलं, त्या दिवशी त्या मुद्दाम मूलला निघून जातील. पण त्या म्हणाल्या, "पावणे येऊन राह्यले तं लाखोरीच्या डाळीचे वडे मी करीन. तू त्याले हात नको लावू." अंगावर काटा आला. प्रार्थना पोहोचते ती अशी. पुनमला लगेच कळवलं की आईंचं मन वळायला लागलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

उद्यासाठी वांग्याची भाजी, वरण, भात, पोळ्या आणि तांदळाची खीर. दिव्यानीला म्हटलं, चाखून बघ. ती म्हणाली तिचा पेपर आहे. शनिवारी कसला पेपर, विचारायचं राहिलं.

आई पहाटेपासून डाळ निवडत होत्या. संध्याकाळी ती भिजत घातली. पाहुण्यांसाठी ठेवणीतलं लुगडं काढलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. दोन वर्षांत त्यांना एवढ्या उत्साहात पाहिलं नव्हतं.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी पोहे खाऊन कामाला लागले. आई काही न खाता वड्यांची डाळ वाटत बसल्या. गरम वाढायचे म्हणून त्यांनी अर्धे वडे पाहुणे आल्यावर तळले.

दोघी आल्या. सिस्टर करिष्मा आईंच्या पाया पडल्या. मी ताटं वाढली. दोघी एकमेकींकडे पाहत बसल्या. ताटाला कोणी हात लावेना. मी म्हटलं, घ्या ना. पुनमने मला आत बोलावून विचारलं, "ताई, आज पहिला रविवार आहे. तुझा उपास नाही?"

मी म्हटलं, आहे ना.

बाहेर आई हातात वड्यांची परात घेऊन उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाल्या, "माह्या हातचं चालत नाई का यायले? सांगाचं होतं. मी सकाळपासून चुलीपाशी नसती बसली."

सिस्टर करिष्मा उठल्या, आईंच्या हातातली परात घेऊन खाली ठेवली आणि त्यांना आपल्याजवळ बसवलं. त्यांना बल्लारपूरची मराठी येते. म्हणाल्या, आई, आज आमचा उपास आहे, पाणीसुद्धा नाही. संध्याकाळी सोडू, तेव्हा तुमचेच वडे आधी खाऊ.

आई म्हणाल्या, "उपास हाय व्हय? मंग काऊन नाई सांगतलं? हरतालिकेले मीबी पाणी नाई घेत." मग परात झाकत, "मीबी सकाळपासून उपाशीच हाय. मंग सांजेले संगच सोडू."

सिस्टर करिष्मांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, सगळं घर उपासाला!

आई म्हणाल्या, "हिले सोडून. हिनं पोहे खाल्ले. दोनदा."

मी सांगितलं की ते औषध म्हणून होते. दिव्यानीचे पप्पा पाणी प्यायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

संध्याकाळी प्रार्थना करून उपास सोडला. वडे भराभर संपले. सिस्टर करिष्मांनी डब्यातून चिंचेचा भात आणला होता, त्यांनी स्वतः केलेला. आईंनी तो खाल्ला. परत मागून खाल्ला. बोटं चाटली. माझं वांगं सगळ्यांनी एकेकदा घेतलं.

आता मला झोप येत नाही. दोन वर्षं माझ्या ताटाला न शिवलेली बाई सिस्टर करिष्मांच्या हातचं खाते कशी? चर्च तेच, बाप्तिस्मा तोच.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज सरळ विचारलं. आई व्हरांड्यात शेगडी पेटवत होत्या. म्हटलं, सिस्टर करिष्माही माझ्याच धर्माच्या आहेत. त्यांच्या हातचं चालतं आणि माझ्या हातचा विटाळ होतो का?

आईंनी हातातली काडी विझू दिली. म्हणाल्या, "विटाळ? काहाचा विटाळ?"

म्हटलं, मी बाप्तिस्मा घेतला म्हणून तुम्ही वेगळं शिजवता ना?

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "अवं, धरमाचं काऊन आणतं मधात? तुह्या भाजीत मीठच नसते. नाई तं मंग दोनदा असते. इथी आल्यावर आठ दिवस खाल्लं मी. पोट बिघडलं. तुले वाईट वाटन म्हणून नाई बोलली."

मी म्हटलं, दिव्यानीचे पप्पा तर वीस वर्षं जेवतात.

"तो कॅन्टीनमंधी जेवतो."

आणि दिव्यानी?

"ते माह्यापाशी जेवते. तू मीटिंगमंधी असतं तवा."

मी आत येऊन बसले. हैदराबादच्या बायका दोन वर्षं माझ्यासाठी उपास धरत आहेत. त्यातल्या एकीला शुगर आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

चहा घेतला. काढा नाही, चहा. कोणाला सांगायचं कारण नाही.

पुनमला फोन केला. वाटलं, ती तरी म्हणेल की माझा स्वयंपाक तसा नाही. ती म्हणाली, "ताई, आपल्या आई-बाबांना तुझ्या लग्नाच्या वेळी तीच एक काळजी होती."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आईंनी स्वयंपाकघरात बोलावलं. म्हणाल्या, "ये, शिकवतो." मी म्हटलं, मला येतं. त्या म्हणाल्या, "कांदा काप." कापला. बारीक काप म्हणाल्या. परत कापला. भाजी झाल्यावर आईंनी आमच्यासोबत टेबलावर बसून जेवण केलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. दिव्यानीच्या पप्पांनी दोन पोळ्या जास्त घेतल्या आणि कोणाकडे न बघता उठले.

खरं पाहता भाजी माझीच. मसाला कुठे ठेवला आहे ते मीच दाखवलं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज मीटिंगमध्ये सिस्टर करिष्मांनी विचारलं, तुमच्या घरचं कसं आहे? आईंशी झालेलं सगळं सांगायची गरज वाटली नाही. लोकांच्या श्रद्धेला धक्का बसतो. मी एवढंच म्हटलं की बहिणींनो, तुमच्या प्रार्थना ऐकल्या गेल्या. सासूबाईंचं मन बदललं. परवा त्यांनी माझ्या हातची भाजी खाल्ली.

मागून आईंचा आवाज आला, "मन नाई बदललं माहं. भाजी म्या केली. हिनं कांदा कापला, तोबी जाड."

माईक सुरू होता. मी म्हटलं, इकडे जरा नेटवर्क खराब आहे. पण पुनमने आईंचं वाक्य सगळ्यांना हिंदीत नीट समजावून सांगितलं.

मग हैदराबादच्या सगळ्या बाया एका आवाजात म्हणाल्या, "आमेन."