कोणता पाय

गोंदिया,
गुरुवार, ता. २२ ऑगस्ट १९५७

दादा,

नमस्कार. तुझे पत्र मागच्या शुक्रवारी मिळाले. मी बरी आहे. दवाखान्यात पावसाळ्याची गर्दी आहे. हिवताप, हगवण, आणि बांधावरून घसरून मोडलेले हात. क्ष-किरणाच्या खोलीत आता मी एकटीच असते. नागपूरहून शिकून आले तेव्हा डॉक्टरसाहेब प्रत्येक वेळी शेजारी उभे राहत. हल्ली प्लेट ओली असतानाच मागून नेतात. हा विश्वास आहे की घाई, ते मी विचारलेले नाही.

मागच्या रविवारी कामठ्याला जाऊन आले. धानाची रोवणी आटोपली. बांध्यांत पाणी पुरेसे आहे. पोळा तोंडावर आला, म्हणून आई बैलांच्या झुली उसवून पुन्हा शिवत बसली होती. तू तिची खुशाली विचारलीस हे मी तिला सांगितले. ती मान हलवून "हाव" म्हणाली आणि सुईत दोरा घालू लागली.

राखी का आली नाही, असे तू लिहिले आहेस. त्याचे उत्तर शेवटी देते.

तुला खरे हवे आहे ते फुटबॉलच्या मॅचचे. "तू नेमकं पाहतेस, कामठ्याकडून कोण कोण खेलून राहिले ते लिही," अशी तुझी आज्ञा. तू सौंदडच्या मिलमध्ये गेलास, सौंदडकडून खेळू लागलास, ती तुझी निवड. मी कामठ्याचीच आहे. तरी कामठ्यात कोणाला विचारले तरी जे कळेल, तेवढे लिहिते.

येत्या १ सप्टेंबरला, रविवारी, दुपारी कामठ्याच्या तलावाजवळच्या मैदानावर. दोन्ही संघ दुसऱ्या गटाच्या तळाशी, गुण सारखे. जो हरेल तो पुढल्या वर्षी लीगमध्ये नसेल. जिंकणाऱ्याला काही मिळणार नाही. फक्त हरणाऱ्याचे जाईल. तुझी गोष्ट वेगळी. सौंदड राहिले तर सेठ तुला मुकादम करणार, हे आईच्या कानावर आले आहे. मी सांगितलेले नाही.

मैदान तलावाच्या बाजूला मऊ आहे, गुरे चरून खड्डे झाले आहेत. तिथे तुमच्या बुटांना पकड मिळेल आणि कामठ्याचे अनवाणी पाय घसरतील. उलट शाळेच्या बाजूला जमीन कडक आहे, तिथे ते तुमच्यापेक्षा हलके. त्यांचा दम पहिल्या अर्ध्यात चांगला असतो, दुसऱ्यात उतरतो. गोलात भैयाजी आहे. उंच चेंडू तो सोडत नाही, खालचा मात्र हमखास सोडतो. त्याची बायको नंदाबाई तलावावर सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "घरी बी वाकत नाई व, तिथं कायले वाकन!" भैयाजीने ते ऐकले. तरीही वाकत नाही.

पुढे एक उमरावच आहे. या वर्षी कामठ्याने जे गोल केले त्यातले जवळजवळ सगळे त्याचे. तो डाव्या बाजूने येतो. म्हणजे तुझ्या अंगावर.

इथपर्यंत मंगळवारी लिहिले होते. पुढचे लिहू की नको, हे ठरत नव्हते.

बुधवारी उमराव आमच्याकडे आला. नडगी दुखते म्हणून. सोबत कुबड्या घेतलेला शालीकराम. मी प्लेट काढली. हाड बाहेरून अखंड आहे, आत बोराएवढी पोकळी. घुण लागलेल्या वाशासारखे. वासा उभा दिसतो, हात लावेपर्यंत. डॉक्टरसाहेबांनी प्लेट खिडकीशी धरली आणि म्हणाले, "खेळणे बंद. नागपूरला जा. हाड उघडून पोकळी भरावी लागेल."

"जातो ना, साहेब," उमराव म्हणाला. "त्या रविवारी खेलतो, सोमवारी जातो."

"आणि रविवारीच मोडले तर?"

उत्तर शालीकरामने दिले, दारातूनच. "मोडन तं मोडन, साहेब. मी एका पायाचा, हा दीड पायाचा. दोघं मिळून अडीच होतेत. सौंदडवाल्याइले तेवढे पुरे."

साहेब हसले नाहीत. मीही नाही. उमराव हसला, पण मधेच थांबला.

मी त्याला व्हरांड्यात गाठले. म्हटले, "काऊन खेलून राहिला तू?" त्याने सरळ सांगितले, "आमी अकराच हाओ, शामकला. बारावा हा होता." आणि शालीकरामकडे पाहिले.

मी शालीकरामला पायऱ्या उतरायला हात दिला आणि आत गेले.

म्हणून तुला लिहिते आहे. रोग्याचे बाहेर सांगायचे नसते, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. मी ते मोडते आहे. उमरावच्या पायांपासून दूर राहा. आधी जाऊन त्याची वाट अडव, चेंडू काढून घे, खांदा लाव, शर्ट ओढ हवे तर. पंचाने शिट्टी वाजवली तर वाजू दे. पाय घालू नकोस. चांगले हाड मोडले तर जोडता येते. पोकळ हाडाचा चुरा होतो, आणि चुरा जुळवायला आमच्याकडे कोणी नाही.

तू विचारशील, उमरावची एवढी काळजी कायले? तो माझा रोगी आहे. आईही विचारील. तिलाही हेच सांगेन. ती पुढे विचारणार नाही.

राखीचे राहिले. पुन्हा लिहीन. मिलमध्ये पट्ट्यापाशी काम करताना धोतर खोचून घेत जा.

शामकला


गोंदिया,
शनिवार, ता. ३१ ऑगस्ट १९५७

दादा,

टपालाने हे उद्यापर्यंत पोचणार नाही. सौंदडच्या सुमित्राबाई दाई आज एक बाळंतीण घेऊन इथे आल्या होत्या, त्या संध्याकाळच्या गाडीने परततील. त्यांच्या हाती देते. त्यांना वाचता येत नाही, तरी पाकीट चिकटवले आहे.

तुझे कार्ड काल आले. तीन ओळींचे. तू खुशाल आहेस. सेठने बुटांच्या तळाला नवे गट्टे ठोकून दिले. आणि तिसरी ओळ, "कोणता पाय?"

मी ती ओळ सुशिलाबाईंना दाखवली. त्या आमच्या मोठ्या नर्स, कामठ्याच्या नाहीत, सौंदडच्याही नाहीत, आपल्याला कोणाला ओळखत नाहीत. मी विचारले, हे कोणी कशासाठी विचारील? त्या म्हणाल्या, "अगं, सांभाळायचा असेल म्हणून." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि कार्ड परत दिले.

तसेच असावे, अशी माझी फार इच्छा आहे. पण सांभाळायचे असेल तर दोन्ही पाय सांभाळता येतात, दादा. त्यासाठी कोणता ते कळावे लागत नाही.

तू रागावशील. म्हणशील, बहीण असून असा संशय घेते. मग जे लिहायचे नव्हते तेही लिहिते.

गेल्या वर्षीच्या मॅचला मी तुमच्या बाजूच्या दोरीमागे बसले होते. शालीकराम पडला तेव्हा पंचाने तुला बोलावले. तू म्हणालास, "चेंडूवर गेलो होतो." पंचाने मानले. कामठ्याच्या लोकांनीही शिव्या देऊन शेवटी मानले. कारण त्या क्षणी चेंडू उमरावकडे गेलेला होता, उमराव गोलकडे धावत होता, आणि सारे मैदान उमरावकडे पाहत होते. त्यामुळे तुला कोणी पाहिले नाही.

मी तुझ्याकडे पाहत होते. उमरावचा गोल होतो की नाही याच्याशी मला कर्तव्य नव्हते. तू नवे बूट घातले होतेस, ते चावतात असे सकाळी म्हणाला होतास, म्हणून तू लंगडतोस का ते मी पाहत होते.

तू लंगडत नव्हतास. तू मान वळवून पंच कुठे आहे ते पाहिलेस. मग पाय उचललास.

त्या पायाची प्लेट मी काढली. हाड कातडीबाहेर आले होते, त्यावर तलावाचा चिखल होता. आम्ही धुतला तेवढा धुतला. आठवड्याने पाय काळा पडला. कापताना दिवा मी धरला. माझा हात हलला नाही. साहेबांनी नंतर शाबासकी दिली. तू बघायला आला नाहीस. तुमच्या सेठचा माणूस आला, "खेल में तो लगता ही है, बहनजी," म्हणाला आणि केळ्यांची फणी ठेवून गेला. शालीकरामने ती शेजारच्या खाटेवर देऊन टाकली.

हे मी आईला कधी सांगितले नाही. सांगायची वेळ आली नाही. तुझा एक सदरा तिच्याकडे होता, तो तिने त्याच आठवड्यात गोधडीत घातला.

आता उद्याचे.

उमराव काल पट्टीचे सांगायला आला होता. घोट्यापासून नडगीपर्यंत पट्टी मीच बांधणार आहे. साहेबांना ते पसंत नाही, पण दुसऱ्या कोणी आवळून बांधली तर पाय बधिर होईल, म्हणून त्यांनी मान फिरवली. उमराव म्हणाला, "चांगल्या पायाले बांधजो, शामकला. दुखऱ्याले उघडाच ठेवजो. मंग ते पट्टीवर येतेत आन फसतेत."

मी म्हटले, "ही युक्ती कोणाची आहे, माहीत आहे ना?"

"दुधरामची," तो म्हणाला. "पन तो आता बुटात राहते. इसरला असन."

तू विसरला नसशील. पायात बाभळीचा काटा मोडला होता आणि तू फडके दुसऱ्या पायाला बांधून खेळलास. आमगाववाले सारा वेळ त्या फडक्यावर लाथा घालत राहिले, तू दोन गोल केलेस, आणि घरी आल्यावर हसून हसून तुला ठसका लागला. आईने गूळ दिला होता. त्या दिवसापासून कामठ्यात सगळे तसेच बांधतात. तेव्हा उद्या तू पट्टी पाहशील आणि उघड्या पायाकडे वळशील, हे उमरावला कळत नाही. मला कळते.

कोणता पाय, ते मी तुला सांगणार नाही. पट्टीवरूनही तुला कळणार नाही. मी दोन्ही पायांना बांधणार आहे. तेवढेच वेढे, तेवढाच ताण, गाठ दोन्हीकडे आतल्या बाजूला. मला हे शिकवलेले आहे, आणि मी ते चांगले करते. त्याच्या चालण्यावरून ओळखू म्हणशील, तर दोन्ही पाय सारखे जखडल्यावर चाल सारखीच दिसते. उमरावला हे आवडणार नाही. त्याला मी सांगेन, साहेबांचा हुकूम आहे.

मग मैदानावर तुला पाहण्यासारखी एकच गोष्ट उरते. चेंडू.

मी तुला पहिले पत्र लिहिले, हे उमरावला माहीत नाही, शालीकरामला नाही, कोणालाच नाही. मी समजत होते, तुला कळले तर तू जपशील. तसे न होता उद्या तो पाय गेला, तर मोडणारा तू असशील, पण दाखवणारी मी. त्यानंतर कामठ्याला मी कोणत्या तोंडाने जाऊ, आणि आईसमोर कशी बसू, याचा विचार मी करून ठेवला आहे. बसणार नाही. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात जागा आहे, तिथला अर्ज लिहून तयार आहे. सोमवारी तो टपालात पडेल किंवा चुलीत जाईल. ते तुझ्या हातात आहे. हातात म्हणते, पायात म्हणायला हवे.

या वर्षी मी तुमच्या बाजूच्या दोरीमागे नसेन. शालीकराम जिथे बसतो तिथे, त्याच्या शेजारी बसेन. तिथून तुझी बाजू समोर दिसते. पूर्ण खेळ मी तुझ्याकडेच पाहणार आहे. या वेळी तो बसलेला असल्यामुळे तोही.

राखीचे उत्तर असे. राखी मी घेतली होती. साधी, लाल रेशमाची. पाकिटात घातली, पत्ता लिहिला, तिकीट लावले. "रक्षण कर" असे तुला कोणत्या शब्दांत लिहावे आणि कोणाचे, ते सुचले नाही, म्हणून टाकली नाही. पोळ्यापर्यंत बांधली तरी चालते म्हणतात. पोळाही गेला. पाकीट अजून माझ्या पेटीत आहे, पट्ट्यांच्या गुंडाळीखाली. उद्या पेटी माझ्या मांडीवर असेल.

शेवटची शिट्टी झाल्यावर, तुम्ही जिंकलेले असा की हरलेले, उमराव आपल्या पायांनी मैदानाबाहेर आला, तर मैदान ओलांडून माझ्याकडे ये आणि हात पुढे कर. लोक पाहतील. पाहू दे.

तो उचलून आणावा लागला, तर येऊ नकोस. मला काम असेल.

शामकला