जांभळीखालच्या तेवीस खुणा

२५ जुलै
दरड कोसळून धरणामागच्या वाडीचा रस्ता बंद. वीजही गेलीय. पण मी बनवलेला नकाशा चालू! मोबाइलवरून लोकेशन पाठवायचं, बचावपथकाला घर दिसतं. तेवीस घरांनी पाठवलंसुद्धा. स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

२५ जुलै, संध्याकाळ
तेवीसच्या तेवीस खुणा एकाच ठिपक्यावर! तासभर बिघाड शोधला. रुहीताईंचं पौडच्या बाजारात मोबाइलचं दुकान. मी बसलोय त्या मदत केंद्रात त्या लोकांचे फोन चार्ज करून देतायत. माझ्या स्क्रीनवर वाकून बघितलं नि हसल्या. "बिघाड न्हाई, सर. तितं जांभळीचं झाड हाय. वाडीत रेंज फक्त तितंच येते. लोक तितं जाऊन फोन करत्यात आन् घरी परत जात्यात."

आणि मी पथकाला तिकडेच पाठवणार होतो. शरम वाटली.

२६ जुलै
काय बाई आहे! गिऱ्हाइकांची घरं तोंडपाठ. एका कागदावर अख्खी वाडी काढली — ओढा, पायवाट, कोण कुठे राहतं. पथकाला बजावलं, "झाडाकडं जाऊ नका, येळ जाईल. थेट घरं गाठा." दुपारपर्यंत बावीस घरची माणसं खाली आली! एक तापानं फणफणलेलं बाळ वेळेत दवाखान्यात पोचलं. हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये अकरा वर्षं घासून मला जे सुचलं नाही, ते ह्यांनी पेनानं केलं. तोंडावर सांगितलं तसं. "मग चहा पाजा," म्हणाल्या.

तेविसावं घर गोजराबाईंचं. सत्तरीच्या, एकट्या. भिंत पडलीय. पथक ढिगारा उपसतंय.

२७ जुलै
ढिगाऱ्याखाली कुणी नाही. रुहीताई सकाळपासून आपला कागद तपासतायत. मग एकदम म्हणाल्या, "परवा तुमी सगळ्यांना फोन सोडलेला ना? यादी दाखवा."

माझ्याच आवाजातला रेकॉर्ड केलेला फोन, संध्याकाळी सहाला एकदम सगळ्यांना. बावीस लागलेच नाहीत. लोक घरी परतले होते. एकच उचललेला. गोजराबाई, चाळीस सेकंद.

फोनवर मी म्हणतोय — "लोकेशन पाठवलं तिथंच थांबा. मदत येतेय. हलू नका."

२७ जुलै, दुपार
जांभळीखाली सापडल्या. दोन रात्री भिजलेल्या, पण जिवंत! केंद्रात आणल्यावर माझा आवाज ऐकून त्यांनी हात धरला. "तुमीच व्हय ते साहेब? थांबा म्हणलात, म्या हलले न्हाई बगा. आन् आलात की न्हाई!"