न बोलणारी लाँड्री

१४ नोव्हेंबर, मंगळवार. दुकान वेळेवर उघडले. दुपारी वीज गेली, परत आली. चादरी वाळल्या, कोट वाळले नाहीत.

ती. अक्कांना धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवावे. माझी प्रकृती ठीक आहे. भूक लागते, झोपही लागते (आधी खुर्चीत, मग पलंगावर). तुमचे पत्र मिळाले. धाकटी गेली, आता लाँड्री समोरच्याला विकून मोकळे व्हा, तुम्हाला दोन शब्द बोलणे जड जाते, तुम्ही धंदा कसला करणार, असे तुम्ही लिहिले आहे. मुद्दा रास्त आहे. पण दुकान विकायचे नाही असे मी ठरवले आहे. का, ते सविस्तर लिहितो, कारण हे प्रकरण मला आता चांगले समजले आहे.

आमच्या गल्लीत तीन लाँड्र्या. एक आपली, एक समोरची (मालकाला सगळे भोंगा म्हणतात, कारण त्याचा आवाज तुमच्या गावापर्यंत ऐकू येत असेल), आणि एक कोपऱ्यावरच्या दोन भावांची. साबण तोच, पाणी त्याच टाकीचे, शर्ट तितकाच पांढरा. तरी प्रत्येकाचे गिऱ्हाईक ठरलेले. कॉलेजात मी याला मक्तेदारीयुक्त स्पर्धा म्हणतात असे पाठ केले होते. विक्रेते पुष्कळ, माल जवळजवळ सारखा, पण प्रत्येकाचा काहीतरी थोडा वेगळा, म्हणून आपापल्या कोपऱ्यात जो तो राजा. पुढे पाणीपुरवठा कार्यालयात नोकरी केली, तिथे एकच विक्रेता होता, त्यामुळे हे ज्ञान पडून राहिले.

तर आपल्या दुकानाचे वेगळेपण म्हणजे तुमची धाकटी होती. कपडे घेताना ती घरची चौकशी करायची. मी साबण, दर, घडी, सगळे तिचेच ठेवले, आणि गिऱ्हाईक गळू लागले. म्हणून मीही चौकशी सुरू केली. नेहमी येणाऱ्या विमा एजंटना विचारले, "वहिनी कशा आहेत?" त्या गेल्याच महिन्यात त्यांना सोडून माहेरी गेल्या होत्या. (कपड्यांत साड्या यायच्या बंद झाल्या, हे तिने पहिल्याच आठवड्यात ओळखले असते.) मग मी बोलणे सोडले आणि गुलाबाचा वास धरला. शेवटच्या पाण्यात अत्तर. वकिलांच्या कोटामागून एक मधमाशी थेट न्यायालयात गेली. भोंग्याने मोगरा आणला, भावांनी दोन-दोन वास आणले. गल्ली घमघमली, खर्च तिघांचा वाढला, नवे गिऱ्हाईक कोणाकडेच आले नाही. भोंगा रस्त्यावरून ओरडला, "काय साहेब, वहिनी गेल्या त्या तुमची जीभ पण घेऊन गेल्या का?" मी मान हलवली. खोटे नव्हते.

आणि इथेच नशीब फिरले. शाळेच्या मुख्याध्यापिका कपडे टाकून स्टुलावर बसल्या त्या उठेचनात. म्हणाल्या, "बरं वाटतं हो तुमच्याकडे. कोणी काही विचारत नाही." दुसऱ्या दिवशी त्या एका नर्सला घेऊन आल्या. मग विमा एजंट परत आले, नुसते बसायला, हातात एक स्वच्छ रुमाल धुवायला घेऊन. बघता बघता आपल्याकडे जागा पुरेना. मी दर थोडा वाढवला. कोणी हलले नाही. दर वाढवूनही गिऱ्हाईक टिकते, तेव्हा समजावे की आपला माल दुसरीकडे मिळत नाही.

अर्थात नफा दिसला की शेजारी गप्प बसत नाही. इथे तो शब्दशः गप्प बसला. भोंग्याने "शांत सेवा" अशी पाटी लावली आणि सकाळपासून तोंड मिटले. दुपारपर्यंत त्याचे गिऱ्हाईक घाबरले. एका आजींनी मिठाचे गरम पाणी आणून त्याला गुळण्या करायला लावल्या. खुणांनी काम चालवण्याच्या नादात त्याने बँक मॅनेजरची पँट सुईणबाईंना दिली. संध्याकाळी तो रस्ता ओलांडून आला आणि दिवसभराचे साठलेले सगळे मला सांगून गेला. भावांनी मात्र डोके चालवले. थोरला बोलतो, धाकटा गप्प, गिऱ्हाइकाने हवी ती बाजू निवडावी. आपले थोडे लोक तिकडे गेले. आता भाडे, वीज, साबण आणि माझे पोट निघते, वर काही उरत नाही. कॉलेजच्या पुस्तकात शेवट असाच होता, म्हणून मला वाईट वाटले नाही. तेव्हा काळजी नसावी. धंदा मला जमला आहे.

कळावे, लोभ आहेच.

ता. क. गुडघा बरा असेल तर थोडे दिवस येऊन राहावे. येताना काही आणू नये.

ता. क. दुसरा. दुकानात शांतता खपते. घरी खपत नाही. तुमचा आवाज पुष्कळसा तिच्यासारखा आहे, हे तुम्हाला कोणी सांगितले असेलच. तुम्ही स्वयंपाकघरात बसून मला नुसते रागावलात तरी चालेल.

ता. क. तिसरा. भोंग्याने दुकान विकत मागितले आहे, तो अजून उत्तराची वाट पाहतो आहे. वर ठाम लिहिले आहे खरे, पण त्याला मी "अक्का येऊ द्या" एवढेच सांगितले आहे. वाफेची इस्त्री गार झाली. तिच्यातले पाणी मोरीत ओततो आणि दुकान बंद करतो.